पोटाचा घेर आणि औंधचे सूर्यनमस्कार

आपल्या सातारा-सांगली भागात माणूस जाड झाला की आपण त्याला जाड म्हणत नाही. ‘तब्येत सुधारली’ असे म्हणतो. लग्नानंतर मुलगी अंगाने भरली की ‘सासर मानवलं’ म्हणतो. पोट सुटलेल्या गृहस्थाकडे पाहून ‘खात्यापित्या घरचा माणूस’ असे कौतुकाने सांगतो. एके काळी हे कौतुक योग्यच होते. माण, खटाव, आटपाडी, जतच्या लोकांना दुष्काळ म्हणजे काय ते सांगायला नको. अंगावरची चार बोटे चरबी ही पुढच्या वाईट दिवसांची बेगमी होती. आज पाऊस दगा देतो, पण पोटाला पूर्वीसारखा दुष्काळ पडत नाही. बेगमी मात्र वर्षानुवर्षे वाढत राहते.

2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 24 टक्के स्त्रिया आणि 23 टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि सुमारे 13 कोटी 60 लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. ही माणसे मुंबई-पुण्याचीच आहेत असे समजू नका. माझ्या दवाखान्यातील बाकावर ती रोज बसलेली असतात. म्हणून आज वजन कमी करणे आणि अंगात ताकद आणणे या विषयाची जरा सविस्तर माहिती घेऊ.

काट्याइतकीच टेपही महत्त्वाची

वजन जास्त आहे की नाही हे ठरविण्याची एक सोपी रीत आहे. आपली उंची मीटरमध्ये घ्या आणि तिला तिनेच गुणा. येणाऱ्या आकड्याने किलोमधील वजनाला भागा. उत्तर 23 च्या आत असावे. 23 ते 25 म्हणजे धोक्याची सूचना आणि 25 च्या वर म्हणजे स्थूलता, असे आपल्या भारतीयांसाठीचे माप आहे. उदाहरणार्थ, 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन साधारण साडेबासष्ट किलोच्या आत असावे. ते 68 किलोच्या पुढे गेले की तो स्थूल समजावा.

पण एवढ्यावर भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले. वर सांगितलेल्या रीतीने काढलेला दोघांचा आकडा अगदी सारखा, 22.3 होता. म्हणजे दोघेही ‘योग्य’ वजनाचे. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! आपण भारतीय लोक दिसायला सडपातळ असलो तरी आतून चरबीचे असू शकतो, ही गोष्ट त्या एका उदाहरणाने जगाला पटली. आपले हातपाय बारीक असतात आणि चरबी पोटात, यकृताच्या आसपास साठते. हीच चरबी इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते व त्यातून मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांची वाट मोकळी होते.

म्हणून घरातील शिवणाच्या डब्यातली टेप काढा. सरळ उभे राहा, श्वास सहज सोडा आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजा. पुरुषांमध्ये तो 90 सेंटिमीटर म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच आणि स्त्रियांमध्ये 80 सेंटिमीटर म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच यांच्या आत हवा. टेप ओढून धरू नका आणि पोट आत घेऊ नका. डॉक्टरला फसवता येईल, शरीराला नाही.

वजन वाढते कसे?

‘डॉक्टर, मी तर काहीच खात नाही हो, तरी वजन वाढतं,’ हे वाक्य मी रोज ऐकतो. सांगणारा खोटे बोलत नसतो. पण तो फक्त जेवण मोजतो. मधले मोजत नाही.

शरीराचा व्यवहार पतपेढीच्या खात्यासारखा आहे. अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा एक ग्रॅम प्रथिने यांतून 4 उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेला-तुपातून 9. खर्चापेक्षा जमा जास्त झाली की शिल्लक चरबीच्या रूपाने साठते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 उष्मांकांची शिल्लक.

आता चहाच पाहा. एका कपात दोन चमचे साखर आणि दिवसात सहा कप. झाले बारा चमचे, म्हणजे 60 ग्रॅम साखर आणि 240 उष्मांक. महिन्याला जवळजवळ पावणेदोन किलो साखर एकट्या चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या, म्हणजे पाच चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. वडापावात अडीचशे ते तीनशे उष्मांक असतात. उलट 70 किलो वजनाचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर जेमतेम दीडशे खर्च होतात. सकाळी पोवई नाक्यापर्यंत चालत जाऊन परतताना वडापाव खाल्ला, तर खात्यावर शिल्लक वाढलीच. चालण्याने वजन घटत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

औंधच्या राजांचा धडा

व्यायामाच्या बाबतीत आपल्या भागाला एक मोठा वारसा आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म 1868 चा. 1909 मध्ये ते गादीवर आले. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे, तर त्या संस्थानातील आटपाडी, कुंडल, किर्लोस्करवाडी ही गावे सांगली जिल्ह्यात. राजेसाहेबांना तरुणपणापासून शरीर कमावण्याची हौस होती. त्या काळी युरोपात गाजलेल्या सँडो या मल्लाच्या पद्धतीने, उपकरणे आणवून, त्यांनी काही वर्षे व्यायाम केला. पुढे मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग तोच त्यांचा ध्यास झाला. संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली. 1938 मध्ये लंडनहून त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. 1951 मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते वारले.

मला या इतिहासातील तीन गोष्टी आजच्या वाचकासाठी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, उपकरणे विकत घेण्याची ऐपत असलेल्या राजाने उपकरणे बाजूला ठेवून सतरंजीभर जागेत होणारा व्यायाम निवडला. दुसरी, स्त्रिया आणि मुली यांनीही तो करावा असा त्यांचा आग्रह होता. आपल्या गावांत आजही बाईला सकाळी एकटीने चालायला निघताना ‘लोक काय म्हणतील’ याचा विचार करावा लागतो. सूर्यनमस्काराला माजघराचा कोपराही पुरतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात, जेव्हा चार-चार दिवस घराबाहेर पडता येत नाही, तेव्हाही तो बंद पडत नाही. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नेम. त्यांनी हा व्यायाम महिनाभर करून सोडला नाही, तर म्हातारपणापर्यंत चालवला.

औंध पद्धतीत एका नमस्काराचे दहा अंक मोजतात, आज बऱ्याच ठिकाणी बारा मोजतात. अंकांवरून वाद घालू नये. पाठीचा कणा पुढे-मागे वाकतो, हात, खांदे आणि छातीवर शरीराचा भार येतो, मांड्या-पोटऱ्या ताणल्या जातात आणि दमाने सलग घातले तर हृदय व फुप्फुसांनाही काम मिळते. एकाच व्यायामात ताकद, लवचिकता आणि दम ही तिन्ही येतात. पण अर्धा तास सलग घातले तरी खर्च साधारण दीडशे-दोनशे उष्मांकांचाच. म्हणजे वजन उतरण्याचे मुख्य काम स्वयंपाकघरात होते आणि उतरलेले वजन टिकवण्याचे काम व्यायामाने होते. शिवाय नुसते कमी खाल्ले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. व्यायाम चालू असेल तर स्नायू राखले जातात. आहार आणि व्यायाम ही बैलजोडी आहे, एका बैलावर नांगर चालत नाही.

पैलवानकीचा दुसरा धडा

आपल्याकडे तालमींची परंपरा मोठी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा गट होता बँटमवेट, म्हणजे 57 किलोच्या आतला! ताकद आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला नको.

उलट बाजूही आपल्या डोळ्यांसमोर असते. तरुणपणी तालमीत घाम गाळणारा पैलवान तिशीत कुस्ती सोडतो. जोर-बैठका सुटतात, पण दूध, तूप, बदाम आणि मटणाचा खुराक सुटत नाही. पाच-सात वर्षांत छातीचे पोट होते आणि पन्नाशीच्या आत रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होतात. हीच गत शेतकऱ्याचीही होऊ लागली आहे. ‘आमचा शेतात व्यायाम होतोय की,’ असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, नांगरट ट्रॅक्टरने, शेतात जाणे मोटारसायकलने, पाण्याची मोटर घरबसल्या मोबाईलवरून चालू. मग व्यायाम कोणाचा झाला? आहार आपल्या आजोबांचा आणि कष्ट नातवाचे, असे गणित जमत नाही.

एका घराची गोष्ट

पतसंस्थेत नोकरी करणारे 44 वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. उंची 165 सेंटिमीटर, वजन 79 किलो, पोटाचा घेर 101 सेंटिमीटर. उपाशीपोटी रक्तातील साखर 114. म्हणजे मधुमेह नव्हे, पण उंबरठा ओलांडायला एक पाऊल. त्यांच्या वडिलांच्या पायाची बोटे मधुमेहाने काढावी लागली होती व पुढे त्यातच ते गेले होते. त्यामुळे माणूस घाबरलेला होता आणि महिन्यात दहा किलो उतरवणारी पावडर घेऊ का, असे विचारायला आला होता.

आम्ही पावडरीऐवजी वही घेतली. आठ दिवस जे जे तोंडात जाईल ते लिहायचे. वहीतून तीन गोष्टी निघाल्या: ऑफिसात आणि बाहेर मिळून सहा गोड चहा, संध्याकाळचा वडापाव आणि रात्री दहा वाजता तीन भाकऱ्यांचे जेवण. चहा दोन कपांवर आला, तोही अर्ध्या चमच्याच्या साखरेचा. वडापावाच्या जागी मूठभर फुटाणे आले. रात्रीचे जेवण आठ वाजता आणि तीनाऐवजी दोन भाकऱ्या. एवढ्याने दिवसाला साधारण साडेपाचशे उष्मांक कमी झाले. बरोबर रोज अर्धा तास चालणे आणि तीनपासून सुरू करून हळूहळू वाढवलेले सूर्यनमस्कार.

कागदावरच्या हिशेबाने आठवड्याला अर्धा किलो वजन उतरायला हवे. पहिले दोन महिने ते तसे उतरलेही. मग वेग मंदावला. वजन कमी झाले की शरीर खर्चही कमी करते. शिवाय मध्ये लग्नसराई आली, गावची जत्रा आली. तिसऱ्या महिन्यात तर घरातच अडचण उभी राहिली. गल्लीतले लोक विचारू लागले, ‘काय, शुगर लागली काय?’ आई धास्तावल्या. एक दिवस त्याच दवाखान्यात आल्या. ‘डॉक्टरसाहेब, पोराची हाडं दिसायला लागली. एवढंसं खाऊन माणूस जगतो होय?’

मी म्हटले, ‘आजी, यांच्या वडिलांच्या पायाचं ड्रेसिंग तुम्हीच करत होता ना? पोराचं करायची वेळ सूनबाईंवर येऊ नये, म्हणून चाललंय हे.’

आजी काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या खेपेला गृहस्थांनी सांगितले की, आई आता वाढताना विचारते आणि ‘नको’ म्हटल्यावर रागावत नाही. नऊ महिन्यांत त्यांचे वजन 71 किलोवर, घेर 92 वर आणि उपाशीपोटीची साखर 98 वर आली. घेर अजून दोन सेंटिमीटर जास्तच आहे, ते काम चालू आहे. पण एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन उतरले तरी रक्तदाब आणि साखर यांवर चांगला परिणाम दिसतो, असा सर्वत्र अनुभव आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या भारतीयांचा अभ्यास करून 2006 मध्ये दाखवून दिले की, आहार आणि चालण्यात सुधारणा केल्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटतो.

या घराने मला हेही पुन्हा दाखवले की वजन एकट्या माणसाचे नसते. वाढणारा हात, पाहुणचार आणि गल्लीतले शब्द हे सगळे त्यात येतात. घरातल्या बाईचे तर आणखी वेगळे असते. ती सर्वांच्या मागून जेवते आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून संपवते. उरलेले अन्न झाकून ठेवा, सकाळी गरम करून सर्वांनी वाटून खा, पण घरच्या बाईच्या पोटाची शिळ्या अन्नाची कोठी करू नका.

ताट कसे असावे?

वजन उतरवायला ओट्स, परदेशी बिया किंवा महागडी फळे लागत नाहीत. आपल्या मंडईत सर्व काही आहे.

ताटाचे मनातल्या मनात चार भाग करा. दोन भाग भाजी, पालेभाजी आणि कोशिंबीर. मेथी, शेपू, पोकळा, तांदळजा, दोडका, काकडी, गाजर, मुळा. एक भाग डाळ, उसळ, अंडी, मासे किंवा चिकन. उरलेला एक भाग भाकरी, पोळी किंवा भात. साधारण 60 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे दोनशे उष्मांकांची असते. ती वाईट नाही, पण तिसरी आणि चौथी भाकरी सवयीने खाल्ली जाते. भाजी दुप्पट केली की भाकरी आपोआप कमी लागते.

प्रथिनांकडे विशेष लक्ष द्या. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम प्रथिने हवीत. नुसती भाकरी आणि पातळ आमटी यांतून ती मिळत नाहीत. मटकी, मूग, हुलगा, हरभरा यांची घट्ट उसळ, डाळ, दूध, ताक, अंडे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवेच. प्रथिनांनी पोट भरल्यासारखे राहते व स्नायूही टिकतात.

तेलाचा डबा महिन्याला किती लागतो ते पाहा. माणशी दिवसाला 27 ते 30 ग्रॅम तेल पुरेसे आहे. म्हणजे चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला सव्वातीन-साडेतीन किलो, आणि तेही तळण धरून. तुमच्या घरी पाच-सहा किलो संपत असेल तर वजनाचे कारण शोधायला माझ्याकडे येण्याची गरज नाही. मिसळीचा कट प्यायचा की बाजूला सारायचा, हे तुम्हीच ठरवा.

आपला भाग उसाचा. त्यामुळे गूळ आणि काकवी आरोग्याला चांगली, कितीही खाल्ली तरी चालते, असा समज पक्का आहे. वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर सख्खी भावंडे आहेत. उसाच्या रसाच्या एका मोठ्या ग्लासात सात-आठ चमचे साखर सहज असते. बेदाणा पौष्टिक खरा, पण तो वाळवलेल्या द्राक्षाची साखर आहे, चिमूटभर पुरे. साताऱ्याचा कंदी पेढा आणि सांगलीची भडंग सोडा असे मी म्हणणार नाही. पाहुण्यांबरोबर एक पेढा खा, पुडा उघडा ठेवून टीव्हीसमोर बसू नका.

उपवास हा वजन कमी करण्याचा उपाय म्हणून करत असाल, तर साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याचा चिवडा यांना रजा द्या. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. मद्याचेही असेच. 60 मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे 140 उष्मांक असतात आणि चखण्याचे वेगळे.

व्यायामाची सुरुवात

मोठ्या माणसाने आठवड्यात एकूण 150 ते 300 मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम करावा आणि दोन दिवस तरी स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम जोर म्हणजे किती? चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा.

पहिले दोन आठवडे रोज 15 मिनिटे चाला आणि तीन सूर्यनमस्कार सावकाश घाला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 20 ते 25 मिनिटे चालणे आणि पाच-सहा नमस्कार. पाचव्या आठवड्यापासून 30 ते 40 मिनिटे चालणे आणि बारा नमस्कार. पुढे आपापल्या ताकदीप्रमाणे वाढवा. सांगलीकरांना आमराई आहे, कृष्णाकाठ आहे. सातारकरांना अजिंक्यतारा आणि चार भिंती आहेत. पण वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी अजिंक्यताऱ्याचा चढ घेऊ नये. 2012 पासून साताऱ्यात डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होते आणि दरवर्षी ती पाहून अनेकांना स्फुरण चढते. ते स्फुरण चांगले आहे. फक्त यवतेश्वरच्या घाटाआधी सहा महिने सपाटीवर तयारी हवी.

सूर्यनमस्कार सर्वांसाठी नाहीत. रक्तदाब आटोक्यात नसणारे, हृदयविकाराचे रुग्ण, हर्निया, मणक्याची गादी सरकलेली, काचबिंदू असलेले तसेच गरोदर स्त्रिया यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत. गुडघे दुखत असतील तर सपाट जमिनीवर चालणे आणि खुर्चीत बसून पाय सरळ उचलण्याचे व्यायाम बरे. व्यायाम करताना छातीत दाटले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, घाम फुटला तर तिथेच थांबा आणि तडक दवाखाना गाठा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी आहार कमी करण्याआधी डोस तपासून घ्यावा, नाहीतर साखर एकदम उतरते.

फसव्या वाटा

कंबरेला पट्टा बांधून घाम येतो, चरबी जात नाही. वाफ घेऊन उतरलेले किलोभर वजन हे पाणी असते, दोन तांब्यांत ते परत येते. गरम पाण्याने चरबी वितळत नाही. त्यात मोठा चमचाभर मध घातला तर साठ उष्मांक पोटात जातात, एवढेच. ‘महिन्यात दहा किलो’ अशी हमी देणाऱ्या पावडरीत आणि काढ्यांत काय असते याची खात्री नसते. 2025 पासून वजन उतरवणारी काही नवी इंजेक्शने आपल्या देशातही मिळू लागली आहेत. ती परिणामकारक आहेत, पण महाग आहेत, त्यांना दुष्परिणाम आहेत आणि थांबवल्यावर वजन पुन्हा वाढू लागते. कोणाला द्यायची ते तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवायचे. मित्राने घेतले म्हणून आपण घ्यायचे नाही.

खाणे न वाढता वजन वाढत असेल, थकवा, मलावरोध, पाळीची अनियमितता असेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्या. आणि काहीही प्रयत्न न करता वजन झपाट्याने घटत असेल तर आनंद मानू नका, तेही तपासायलाच हवे.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी एवढेच करा. टेप काढून घरातील सर्व मोठ्या माणसांचा पोटाचा घेर मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. चहातली साखर निम्मी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नमस्कार घाला. तीन महिन्यांनी त्याच टेपने पुन्हा मोजा. चार सेंटिमीटर जरी कमी झाले तरी ती खरी ‘तब्येत सुधारली’ असे समजा, आणि शेजाऱ्यांनी ‘वाळलास की’ म्हटले तर हसून त्यांच्याही हातात टेप द्या.

(पुढील आठवड्यात: गुडघेदुखी)